पाच लाख हेलकाव्यांचा विस्तव

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात एक क्रेट वीस किलोचा धरतात. तेवढाच भार पाठ वाकवून जमिनीवरून उचलला तर कमरेच्या मणक्यांमधल्या चकतीवर किती दाब येतो, याचे आकडे जर्मनीतल्या उल्म विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ साली प्रसिद्ध केले. हा अंदाज नव्हता. एका निरोगी स्वयंसेवकाच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधल्या चकतीत बारीक दाबमापक बसवून त्यांनी तो मोजला होता. नुसतं उभं असताना दाब ०.५ मेगापास्कल. वीस किलो छातीशी धरून उभं राहिलं तर १.१. गुडघे मुडपून उचललं तर १.७. आणि आपल्याकडे सर्रास उचलतात तसं, पाय ताठ ठेवून, पाठीची कमान करून उचललं तर २.३.

२.३ मेगापास्कल म्हणजे पाण्याखाली सुमारे २३० मीटर खोलीवर असतो तो दाब. हा झाला एका क्रेटचा हिशेब. हंगामात गाडी भरणाऱ्या माणसाने दिवसाला समजा ३०० क्रेट उचलले, तर सहा टन माल त्याच्या कमरेवरून गेला. जुन्नरच्या द्राक्षबागांत दिवसभर हात वर करून विरळणी करणाऱ्या बायका, मंचर-घोडेगावच्या रानात ओणव्याने बटाटा वेचणारे, भीमाशंकरच्या उतारांवरून हिरड्याच्या गोणी खाली आणणारे, सगळ्यांच्याच कमरेचा हिशेब असा टनांत निघेल. चाळिशी ओलांडली की मग घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं: मणक्यात गॅप पडलाय. २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींवर जाईल, असा जागतिक रोगभाराच्या अभ्यासाचा अंदाज आहे.

या दुखण्यांत एक प्रकार असा असतो की कळ चकतीतून येतच नाही. चकती झिजून बसली की भार मागे सरकतो, मणक्यांच्या पाठीमागच्या छोट्या सांध्यांवर. दवाखान्यात त्यांना फॅसेट सांधे म्हणतात. अशा प्रत्येक सांध्याची कळ दोन बारीक नसा वर पोचवतात, प्रत्येक नस जेमतेम मिलिमीटरभर जाड. गोळ्या आणि व्यायाम करून झाले, आणि नेमकं त्या नसेजवळ बधिर करणारं औषध टोचल्यावर दुखणं तेवढ्यापुरतं थांबलं, तर डॉक्टर ती नस जाळण्याचा पर्याय पुढे ठेवतात. रेडिओफ्रिक्वेन्सी अॅब्लेशन हे त्याचं नाव. पुण्याहून करून आलेला माणूस मात्र ‘नस जाळून आलो’ एवढंच सांगतो. अमेरिकेतल्या नॉर्मन शीली या शल्यचिकित्सकाने फॅसेटच्या नसांवर केलेल्या या उपचाराचा वृत्तान्त १९७५ साली छापला, तेव्हापासून तो जगभर चालू आहे. तो सगळ्यांनाच लागू पडतो असं नाही. २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या ६८१ रुग्णांच्या अभ्यासात व्यायामाच्या जोडीला नसा जाळून म्हणावा असा जादा फायदा दिसला नव्हता, आणि त्या अभ्यासात रुग्णांची निवड नीट झाली होती का, यावर डॉक्टरांमध्ये पुढे बराच वाद झाला. तो वाद महत्त्वाचा आहे, पण मला इथे कातडीबद्दल लिहायचं आहे. कारण थोडी माणसं पाठीची कळ घालवायला जातात आणि मांडीवर किंवा सुई टोचलेल्या जागी भाजल्याचा चट्टा घेऊन घरी येतात.

हे क्वचित घडतं, हे आधीच सांगायला हवं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत ९२ रुग्णांवर ११६ वेळा उपचार करून ६१६ ठिकाणी नसा जाळल्या होत्या. किरकोळ त्रास झाला तो शंभरात एका ठिकाणी, आणि तोही मागे राहिलेल्या दुखण्याचा होता. इतका विस्तव अंगात घालूनही कातडी बहुतेक वेळा शाबूत कशी राहते, हे आकड्यांत पाहिलं की ती कधी भाजते तेही आपोआप कळतं.

यंत्रातून येणारी वीज सेकंदाला सुमारे पाच लाख हेलकावे घेते. आपल्या घरातली वीज घेते पन्नास. एका जागी नस साधारण ९० सेकंद तापवतात, म्हणजे साडेचार कोटी हेलकावे. घरच्या विजेला तेवढे घ्यायला दहा दिवस आणि दहा तास लागतील. प्रवाह किती असतो? साधारण दीडशे मिलिअँपिअर. घरच्या विजेचा शंभर मिलिअँपिअर प्रवाह छातीतून गेला तर हृदयाची लय तुटून माणूस दगावू शकतो. इथे त्याच्या दीडपट प्रवाह अंगातून जात असतो आणि पालथा झोपलेला रुग्ण डॉक्टरांशी बोलत असतो! याचं कारण नसेच्या संथपणात आहे. उत्तेजित व्हायला तिला मिलिसेकंदाच्या आसपास वेळ हवा असतो, आणि एका मिलिसेकंदात हा प्रवाह पाचशे वेळा मागेपुढे होऊन गेलेला असतो. धक्का नसेपर्यंत पोचतच नाही. अशा जलद हेलकाव्यांच्या विजेने स्नायू आखडत नाहीत, हे फ्रेंच शास्त्रज्ञ दार्सोनव्हाल यांनी १८९१ साली दाखवून दिलं होतं. १९२६ मध्ये बोस्टनला बोव्ही आणि कुशिंग यांनी तीच वीज मेंदूच्या शस्त्रक्रियेत रक्त थांबवायला वापरली, आणि आज आपल्याकडच्या तालुक्याच्या गावीही शस्त्रक्रियेच्या खोलीत कॉटरी असते ती त्याच वंशातली.

धक्का गेला तरी उष्णता राहते. सुई स्वतः तापलेली सळई नसते. तिच्या टोकाभोवतीच्या मांसात विरघळलेले क्षारांचे कण विजेबरोबर मागेपुढे घासले जातात आणि मांसच तापतं. सुई त्याच्याकडून तापते. ४५ अंशांच्या वर पेशी मरू लागतात, ६० अंशांला लगेच गोठतात, शंभराला पाणी उकळून कोळसा होतो. म्हणून यंत्र टोकाशी ८० ते ९० अंश धरून ठेवतं. यासाठी लागणारी शक्ती थक्क करावी इतकी थोडी आहे. पाच वॅट धरले तर ९० सेकंदांत ४५० ज्यूल. एवढ्या उष्णतेने अर्धा कप पाणी जेमतेम एक अंश तापेल. बोट बुडवलं तर फरक कळणारही नाही. पण ही उष्णता काही मिलिमीटरांच्या जागेत उतरते, रक्त तिच्यातली बरीचशी वाहून नेतं, आणि तरीही उरते तेवढी नस मारायला पुरते.

‘रेडिओ’ हा शब्द कानावर पडला की आपल्याकडे पुष्कळांना वाटतं, किरणं मारतात. ही भीती काढून टाकायला हवी, कारण खरी काळजी घ्यायची जागा वेगळी आहे. पाच लाख हेलकावे म्हणजे ५०० किलोहर्ट्झ. आकाशवाणीचं पुणे केंद्र मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झवर लागतं. दवाखान्यातलं यंत्र त्याच पट्ट्याच्या किंचित खाली चालतं. या लहरीची लांबी ६०० मीटर. सुईचं उघडं टोक दहा मिलिमीटरचं. लहर टोकाच्या साठ हजार पट लांब असल्यामुळे सुईतून ‘किरण’ म्हणावं असं जवळपास काहीच फाकत नाही. नळातून पाणी जावं तशी ही अंगातून जाणारी वीज आहे.

रेडिओलहरी खरोखर पकडायच्या म्हटलं तर किती कष्ट पडतात, हे जुन्नर तालुक्याएवढं जगात थोड्याच ठिकाणांना माहीत असेल. खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. चौदा मधल्या भागात एकत्र, उरलेल्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या. या सगळ्या मिळून सुमारे ३० हजार चौरस मीटरांवर आकाशातून येणारी लहर झेलतात. आता एक हिशेब करून पाहू. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ ज्याला एक जान्स्की म्हणतात तेवढ्या तेजाचा आकाशातला एक स्रोत घेतला, आणि दुर्बिणीने एका वेळी झेलता येईल तेवढा ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा धरला, तर तिसांच्या तीस तबकड्यांवर मिळून जी शक्ती पडते ती एका वॅटच्या आठ लाख कोटीव्या भागाएवढी. सुईच्या टोकाशी ९० सेकंदांत उतरणारे ४५० ज्यूल त्या स्रोताकडून गोळा करायला खोडदला जवळजवळ बारा कोटी वर्षं लागतील. शिवनेरी आणि लेण्याद्री ज्या दगडात आहेत तो दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. लाव्हा वाहत होता त्या दिवसापासून तबकड्या चालू असत्या, तरी आज एका नसेपुरती निम्मी उष्णता कशीबशी जमली असती. जी उष्णता अर्धा कप पाण्यात कळतही नाही, ती दुर्बिणीच्या मापाने इतकी अवाढव्य आहे. प्रश्न उष्णता किती याचा नसतोच; ती किती जागेत उतरते याचा असतो. भाजण्याची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे.

कारण सुईतून आत गेलेल्या प्रवाहाला बाहेर पडायला वाट लागते. ती वाट म्हणजे मांडीवर किंवा पोटरीवर चिकटवलेली प्लेट. सुईच्या टोकाशी जेवढा प्रवाह आत शिरतो, तेवढाच प्लेटमधून बाहेर येतो, एक मिलिअँपिअरही कमी नाही. तरी एकीकडे नस शिजते आणि दुसरीकडे कातडीला गरमही लागत नाही. ०.९ मिलिमीटर जाड, दहा मिलिमीटर लांब उघड्या टोकाचा पृष्ठभाग भरतो ०.२८ चौरस सेंटिमीटर. प्लेट समजा १३० चौरस सेंटिमीटरची. म्हणजे ४६० पट मोठी. आणि उष्णता ही प्रवाहाच्या दाटीच्या वर्गाने वाढते-घटते. ४६० चा वर्ग दोन लाख अकरा हजार. प्लेटखालच्या कातडीत, तेवढ्याच जागेमागे, सुईच्या टोकापेक्षा दोन लाख पट कमी उष्णता तयार होते. प्लेटा कशा तपासतात पाहा: ७०० मिलिअँपिअर प्रवाह ६० सेकंद सोडायचा आणि कातडी सहा अंशांहून जास्त तापता कामा नये. नीट चिकटलेली चांगली प्लेट यात पास होते.

नीट चिकटलेली. कष्टकरी माणसाची मांडी केसाळ असते, घामाने ओली असते, कधी तेल चोळलेली असते. प्लेटवरचा चिकट थर जुना होऊन वाळलेला असतो. हाडाच्या उंचवट्यावर प्लेट लावली तर ती मधे टेकते आणि कडांना सुटते. रुग्णाला पालथं करताना चादर ओढली गेली तर कोपरा निघतो. समजा १३० पैकी फक्त सव्वातीन चौरस सेंटिमीटर, नव्या रुपयाच्या नाण्याएवढीच जागा कातडीला टेकून राहिली. क्षेत्र चाळिसावा हिस्सा झालं, उष्णता चाळीसच्या वर्गाने वाढली: सोळाशे पट. त्यात आता वेळ वाचवायला चार सुया एकदम चालवणारी यंत्रं आहेत. चारही सुयांतला प्रवाह एकाच वेळी त्याच प्लेटमधून परतत असेल तर प्रवाह चौपट, उष्णता आणखी सोळा पट. सोळाशे गुणिले सोळा, पंचवीस हजार सहाशे. दोन लाख पटींचं अंतर होतं, ते आता आठ पटींवर आलं. मांडीवरची रुपयाएवढी कातडी आणि पाठीतली मरणारी नस यांच्यात एवढंच अंतर उरलं. आणि हे घडायला यंत्रात काहीही बिघाड व्हावा लागला नाही.

कातडीची सोसण्याची हद्दही अशीच फसवी आहे. मोरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी १९४७ साली ती मोजली. ४४ अंशांवर कातडी सुमारे सहा तास टिकते. तिथून पुढे काही अंशांपर्यंत दर अंशाला वेळ जवळपास निम्मा होत जातो, आणि ६० अंशांवर पाच सेकंद पुरतात. सोळा अंशांचा फरक, आणि वेळ चार हजार पटींहून जास्त घटलेला. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या सहा नसा, प्रत्येक नसेवर दोनदा ९० सेकंद, असं धरलं तर प्लेटमधून अठरा मिनिटं प्रवाह जातो. फोड यायला एवढ्या वेळात कितीतरी कमी तापमान पुरतं.

दुसरी जागा सुईच्या वाटेवरची. टोक सोडलं तर सुईला वरपर्यंत विजेला अडवणारं वेष्टन असतं. ती दिसायला साधी सुई, पण या वेष्टनावर सगळी मदार आहे. टोक पाच सेंटिमीटर खोल असेल, तर टोकापासून चहूकडे पसरलेला प्रवाह कातडीपर्यंत येईतो अकराशे पट विरळ होतो आणि उष्णता बारा लाख पट कमी. सडपातळ माणसाच्या पाठीत, किंवा मानेत, हेच अंतर दोन सेंटिमीटरवर आलं तर बारा लाखांचे बत्तीस हजार होतात. तेही पुष्कळ आहेत, एरवी भीती नाही. पण कातडीतून सुई शिरते नेमकं तिथेच वेष्टनाला चीर असेल, पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुईला ती पडू शकते, तर हे लाख-हजार सगळे रद्द होतात. प्रवाहाचं एक नवं टोक कातडीतच तयार होतं, आणि टोकापाशी काय होतं ते आपण पाहिलं. उघडं धातूचं कवच सुईला टेकलं, रुग्णाचा हात टेबलाच्या लोखंडी कडेला लागला, कमरेचा करगोटा चांदीचा असला आणि काढायचा राहिला, तरी वीज अरुंद वाट शोधू शकते. आधीच्या शस्त्रक्रियेत बसवलेला रॉड किंवा प्लेट असेल तर तेही डॉक्टरांना सांगायला हवं.

वेदनेवर विस्तव हा उपाय आपल्या मातीला नवा नाही. सुश्रुतसंहितेत अग्निकर्माचा स्वतंत्र अध्याय आहे, पिंपळीपासून शलाकेपर्यंत डागण्याची साधनं त्यात दिली आहेत, आणि भाजण्याचे चार प्रकार: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यक्दग्ध, अतिदग्ध. म्हणजे नीट भाजलेलं कोणतं आणि चुकून भाजलेलं कोणतं, याची वर्गवारी तेव्हाच केलेली होती. कमरेवर बिब्बा घालून फोड उठवणं आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने केलं आहे. त्याचा एक परिणाम मला अजून दिसतो आणि तो मला अस्वस्थ करतो. उपचार म्हटला की थोडं भाजणारच, थोडं सोसायलाच हवं, असं आपण धरून चालतो. पालथं झोपलेल्या माणसाला मांडीला चटका जाणवतो आणि तो गप्प राहतो. डॉक्टर कामात आहेत, मधे कशाला बोलायचं!

मधे बोलायलाच हवं. सुईच्या वाटेवर बधिर करणारं औषध दिलेलं असतं, मांडीवरच्या प्लेटखाली नसतं. म्हणून शुद्धीत असलेला रुग्ण हाच त्या खोलीतला सर्वांत चांगला तापमापक आहे, आणि म्हणूनच गाढ झोपेचं औषध देऊन हा उपचार करण्याला पुष्कळ तज्ज्ञांचा विरोध असतो. मधुमेहाने पायांची जाणीव कमी झालेल्यांनी तर हे आधीच सांगावं, म्हणजे प्लेट जाणीव शाबूत असलेल्या जागी लावता येईल. ‘मांडीला गरम लागतंय’ एवढे तीन शब्द ऐकले की करायचं ते साधं आहे: प्रवाह बंद, प्लेट काढायची, कातडी पाहायची, जागा पुसून कोरडी करून नवी प्लेट पूर्ण दाबून बसवायची. जुनी पुन्हा चिकटवायची नाही. दोन मिनिटांचं काम.

घरी परतल्यावरचं एक भाजणं वेगळंच असतं, आणि त्यात यंत्राचा काही दोष नसतो. कंबर दुखतेय म्हणून बधिर पाठीवर गरम पाण्याच्या पिशवीचा किंवा विटेचा शेक देतात. औषधाचा अंमल काही तास टिकतो. तोवर त्या कातडीला पन्नास अंश आणि तीस अंश सारखेच. त्या दिवशी शेक नकोच, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ चालतो. मांडीवर लाल चौकोन किंवा फोड कधी लगेच दिसतो, कधी दुसऱ्या दिवशी. लगेच दिसला तर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. हळद, शाई, टूथपेस्ट काही नाही. पांढरट, कडक आणि न दुखणारा चट्टा दिसला तर न दुखणं ही चांगली खूण समजू नये, कातडी पूर्ण खोलीपर्यंत गेलेली असू शकते. मग मंचरचं उपजिल्हा रुग्णालय असो की जुन्नर-नारायणगावचं ग्रामीण रुग्णालय, जवळ असेल तिथे दाखवताना पाठीच्या उपचाराचा कागद बरोबर न्यावा. नाही तर प्लेटच्या आकाराचा तो चट्टा चिकटपट्टीची अॅलर्जी समजून मलम लावून परत पाठवला जातो.

त्या कागदावर प्लेट कुठे लावली होती आणि तिथे काही झालं का, हे लिहून घेण्याचा आग्रह धरावा. जाळलेली नस मेलेली राहत नाही. ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला अकरा-बारा नॅनोमीटर या गतीने पुन्हा वाढते, सहा महिन्यांनी, वर्षाने कळ परत येते, आणि बरीच माणसं तोच उपचार पुन्हा करून घेतात. तेव्हा डॉक्टर दुसरे असतील, यंत्र दुसरं असेल. आधी भाजलेल्या, व्रणाने ताठ झालेल्या कातडीवर प्लेट नीट टेकत नाही. ती दुसऱ्या मांडीवर लावायला हवी, आणि हे त्यांना कळायला कागदावरची एक ओळ पुरते.